कोल्हापुरातनं पहिली ग्रुप राईड: घाटात जायच्या आधी काय काय ठरवायचं

दिवाळी झाली की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर मेसेज पडतोच, "भावांनो यंदा लडाख फिक्स", खाली धडाधड अंगठे, आणि त्यातल्या निम्म्या पोरांनी गाडीवरनं पन्हाळ्याच्या पलीकडं घाट बघितलेला नसतो. लडाख कुठं पळून जात नाही. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, तिथं पोचल्यावर पहिले दोन दिवस विरळ हवेची सवय होईपर्यंत नुसता आराम करायचा असतो, म्हणजे तिथं गाडी चालवण्यापेक्षा बाकीचीच काळजी जास्त. चार-पाच गाड्या मिळून डोंगरात कसं चालवायचं हे शिकायचं असेल तर आपल्या दारातच सह्याद्री पडलाय. आंबा, अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली, तिलारी, एवढे घाट एका दिवसाच्या आत गाठता येतात असं शहर आपलं. म्हणून हे सगळं, पहिल्यांदाच तीन-चार दिवस ग्रुपनं बाहेर पडणाऱ्यांसाठी.

एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, बाकी सगळं त्यातनंच येतं: ग्रुपमधल्या सगळ्यात नवख्या माणसाचा वेग हाच ग्रुपचा वेग. किती किलोमीटर, कुठं मुक्काम, किती वाजता निघायचं, सगळं त्याच्याकडं बघून ठरवायचं, ज्याच्याकडं नवीन हिमालयन बुलेट आहे त्याच्याकडं बघून नाही.

पहिली स्टेप, माणसं

रूट नंतर. आधी रंकाळ्यावर नाहीतर मिसळीवर बसा आणि कोण खरंच येणार ते बघा. पाच-सहा गाड्यांच्या वर जाऊ नका, दहा झाल्या तर सरळ दोन ग्रुप करा, प्रत्येकाचा पुढचा वेगळा मागचा वेगळा. दहा गाड्या एका लाईनीत म्हणजे प्रत्येक चहाला पाऊण तास, प्रत्येक पेट्रोलला अर्धा तास, आणि एखादा कायम गायब.

मग कामं वाटा. पुढं कोण चालणार, शेवटी कोण, पैसे कोण सांभाळणार, आणि गाडीतलं थोडंफार कुणाला कळतं. इथं बहुतेक ग्रुप उलटं करतात, सगळ्यात तरबेज पोरगा पुढं आणि बाकीचे त्याच्या मागं पळतायत. तरबेज माणूस शेवटी पाहिजे. कुणाची चेन पडली, कुणी घसरला, कुणी घाबरून थांबला तर त्याच्यापाशी पोचणारा तोच असतो, पुढच्याला तर पाच किलोमीटर गेल्यावर कळतं. पुढं शांत डोक्याचा, रस्ता माहीत असलेला, आणि त्याच्या लगेच मागं सगळ्यात नवखा. कारण पुढचा साठनं चालला तरी लाईन लांबत जाते, सिग्नलला, गतिरोधकाला, प्रत्येक ट्रकला अंतर वाढतं आणि ते भरून काढायला शेवटच्याला ऐंशीनं पळावं लागतं. नवख्याला शेवटी ठेवलात तर दिवसभर त्यालाच पळवत बसाल.

दोन गोष्टी मीटिंगलाच तोंडावर विचारायच्या, लाजायचं नाही. लायसन्स आहे का, म्हणजे खरंच आहे का, लर्निंग नव्हे. आणि इन्शुरन्स-पीयूसी चालू आहे का. कागद डिजिलॉकरमधे असले तरी चालतात, पण घाटात रेंज नसते त्यामुळं झेरॉक्सचा एक सेट सीटखाली प्लॅस्टिकमधे असू दे. हेल्मेट मागं बसणाऱ्यालाही कायद्यानं लागतंच.

दुसरी स्टेप, गाडी

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. हे सगळ्यात जास्त चुकतं. मेस्त्रीनं केबल बदलली, चेन ताणली, ब्रेक खोलले की काहीतरी सैल राहू शकतं, आणि ते शंभरेक किलोमीटर चालवल्यावरच कळतं. म्हणून निदान आठवडाभर आधी उद्यमनगरात नाहीतर तुमच्या नेहमीच्या गॅरेजला गाडी दाखवा. टायर, दोन्ही ब्रेकचे पॅड किंवा लायनर, ब्रेक ऑईल, क्लच केबल, चेन-स्प्रॉकेट, सगळे लाईट आणि हॉर्न. टायरची नक्षी संपत आली असेल तर ट्रिप पुढं ढकला नाहीतर टायर बदला, तिसरा पर्याय नाही.

त्याच आठवड्यात एका रविवारी सगळ्यांनी मिळून जोतिबा-पन्हाळा करून या. हसू नका, नुसतं फिरायला नाही. जेवढं सामान नेणार तेवढं सगळं बांधून, मागं जो बसणार त्याला बसवून, ज्या क्रमानं चालणार त्याच क्रमानं. वीस-बावीस किलोमीटरच्या त्या चढ-उतारात बॅग कुठं सरकते, कुणाचा सायलेन्सर बॅग जाळतो, कुणाला वळणावर भीती वाटते, हे सगळं घराजवळ कळून जातं. टायरची हवा सामान आणि डबलसीटप्रमाणं कंपनीनं सांगितलेली ठेवायची, आकडा बहुतेक गाड्यांवर स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो, आणि हवा टायर गार असताना बघायची.

सोबत न्यायचं सामान, ग्रुपमधे मिळून एकच सेट बस्स: पंक्चर किट आणि पंप, जादा क्लच आणि ॲक्सिलरेटर केबल, प्लग आणि प्लगपाना, फ्यूज, तुटलेली चेन जोडायचं लॉक, इन्सुलेशन टेप, झिप टाय, थोडी बायंडिंग तार. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर दहा मिनिटांत रस्त्याकडेला निघतं, पण स्पोकच्या चाकाच्या बऱ्याच गाड्यांना ट्यूब असते, त्यांनी आपल्या मापाची ट्यूब बरोबर घ्यायचीच. घाटात दुकान मिळालं तरी तुमच्या मापाची ट्यूब मिळेल याची खात्री नाही. आणि गाडी बंदच पडली तर रडत बसायचं नाही, जवळच्या गावातनं छोटा हत्ती टेम्पो बोलवायचा, गाडी त्यात उभी करून पुढचं चाक आणि हँडल दोन्ही बाजूंनी दोरीनं ताणून बांधायचं.

पेट्रोलचं गणित टाकीवरनं करू नका, टाकी गुणिले ॲव्हरेज करा. स्प्लेंडरची टाकी दहा लिटरलाही किंचित कमी, क्लासिक बुलेटची तेरा, तरी स्प्लेंडरवालाच लांब जातो. ज्याची गाडी सगळ्यात आधी रिझर्व्हला येते त्याच्या हिशोबानं सगळ्यांनी एकदमच भरायचं.

तिसरी स्टेप, अंगावर काय आणि बॅगेत काय

फुल फेस हेल्मेट, आयएसआयवालं. जाड जीन्स, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. कोल्हापुरी पायताण कितीही रुबाबदार असलं तरी ते बॅगेत, मुक्कामाला घालायला. रायडिंग जॅकेट नसेल तर निदान जाड कापडाचं. पावसाचं म्हणाल तर जॅकेटच्या आतल्या लायनरवर विसंबू नका, वरनं घालायचा रेनसूट घ्या. आणि कपडे बॅगेच्या रेनकव्हरच्या भरवशावर न ठेवता आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, खताच्या पोत्यातला आतला कागद असतो ना, तो धुऊन वापरला तर त्याच्याइतकं वॉटरप्रूफ दुकानात मिळत नाही.

सामान मागच्या सीटवर मधोमध आणि खाली. उंच ढीग नको. इलॅस्टिकच्या दोऱ्या स्वस्त आणि सोप्या, पण त्यांचं सुटलेलं टोक चाकात गेलं तर मागचं चाक जाम होतं, म्हणून टोक दोनदा बघा नाहीतर सरळ पट्टे वापरा. प्रत्येकाच्या पाकिटात एक कागद: नाव, रक्तगट, घरचा नंबर, काही ॲलर्जी असेल तर ती. फोन लॉक असतो, कागद लॉक नसतो.

चौथी स्टेप, कधी आणि कुठनं

पहिल्या ट्रिपला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आंबोली म्हणजे स्वर्ग हे खरं, राज्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या जागांपैकी ती एक, पण धुकं, शेवाळ, दरड आणि शनिवार-रविवारची गर्दी हे सगळं नवख्यानं एकदम घ्यायचं नसतं. तरीही कुणी पावसात निघणारच असेल तर आपल्याकडं साधा नियम आहे, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पंचगंगा तिकडं सरकायला लागली की कळे-मांडुकलीकडं गगनबावडा रस्त्यावर पाणी यायला वेळ लागत नाही, आणि २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू हायवेच बंद पडला होता. जाल आरामात, परत यायचं कुठनं ते सांगा.

हिवाळ्याची पण एक भानगड आहे आणि ती बाहेरगावचे लोक सांगत नाहीत: ऊस. हंगाम चालू असला की कारखान्यांच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, आत टेप एवढा मोठा की तुमचा हॉर्न त्याच्या कानापर्यंत जात नाही. शिवाय शेतातनं रस्त्यावर येताना ट्रॅक्टरची चाकं काळी माती डांबरावर आणून टाकतात. सकाळी दव पडलं की त्या मातीचं लोणी होतं. दिसायला रस्ता नुसता थोडा काळा दिसतो, तिथं ब्रेक दाबला की गाडी गेली. शेताचं वळण आणि रस्त्यावर मातीचे पट्टे दिसले की आधीच वेग कमी करा, त्या पट्ट्यावर ब्रेक नको, झुकणं नको, सरळ जाऊ द्या.

रूट मी असा सुचवेन, चार दिवसांचा, बदल करायला मोकळे आहात.

पहिला दिवस कोल्हापूर, फुलेवाडी, कळे, गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, तिथनं मुंबई-गोवा हायवेनं कणकवली-कुडाळ करत सावंतवाडी. गगनबावडा पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, तिथं पोचून चहा, गगनगडावर जायचं असेल तर जावा, पण घाट दुपारच्या आत उतरायचा. गगनबावड्यातनं दोन घाट फुटतात, करूळ आणि भुईबावडा. भुईबावडा अरुंद आहे, तो पुढच्या वेळी. करूळ मधे रुंदीकरणासाठी बराच काळ बंद होता, आणि पावसात दरडी येतातच, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी गगनबावड्यातल्या कुठल्याही हॉटेलला फोन करून घाट चालू आहे का विचारा. हायवेला लागल्यावर झारापला लक्ष ठेवा, हायवे तिथनं सावंतवाडीला बगल देऊन बांद्याकडं जातो. ग्रुप तुटायची ही हमखास जागा, पुढचे सरळ जातात आणि मागचे वळतात. झारापला सगळ्यांनी थांबून एकत्र वळायचं हे सकाळीच ठरवा.

दुसरा दिवस मुद्दाम छोटा. सावंतवाडीतनं दाणोलीमार्गे आंबोली, जेमतेम तीस किलोमीटर, पण पूर्ण चढ. पहिल्या दिवशी उतरून अंग आंबलेलं असतं, त्यात चढ सोपा जातो. वर हिरण्यकेशीचा उगम, कावळेसाद, महादेवगड पॉईंट, दिवस सहज जातो.

तिसऱ्या दिवशी आंबोलीवरनं चंदगडकडं, तिलारीनगर आणि वेळ उरला तर पारगड, मुक्काम चंदगड भागात. तिलारी घाट वरनं नुसता बघा, उतरू नका, चढ-उतार भयंकर तीव्र आहे आणि नवख्याच्या ब्रेकची ती परीक्षा नको. चौथ्या दिवशी चंदगड, नेसरी, गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, कागल, घरी. ज्यांना हायवे नको त्यांनी आजरा-गारगोटी-मुदाळ तिट्टा करावं, रस्ता जास्त सुंदर, वेळही जास्त.

दिवसाला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर बस्स. घाटात थांबे धरून तासाला तीस पडले तरी खूप. पाचच्या आत मुक्कामाला. अंधारात जंगलातनं चालवायचं नाही यावर वाद नको, कारण पुढं गवा.

पाचवी स्टेप, रस्त्यावर

हायवेवर एकाच्या मागं एक सरळ रेषेत चालायचं नाही, तिरकं चालायचं, पहिला लेनच्या उजव्या बाजूला, दुसरा डाव्या, तिसरा परत उजव्या. त्यामुळं पुढचं दिसतं आणि पुढच्यानं ब्रेक मारला तर बाजूला जागा असते. अंतर मोजायला पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की तोंडातल्या तोंडात "जोतिबा एक, जोतिबा दोन" म्हणा, तेवढं म्हणून झाल्यावरच तुम्ही खांबापाशी पोचला पाहिजेत. ओला रस्ता असेल तर चारपर्यंत मोजा. घाट सुरू झाला की तिरकं बंद, एकेरी लाईन, अंतर वाढवा.

ओव्हरटेक प्रत्येकानं आपापल्या डोळ्यांनी. पुढच्यानं हात केला म्हणून मागचा डोळे झाकून गेला, असं चालत नाही, त्याला दिसलेला मोकळा रस्ता तुम्ही पोचेपर्यंत मोकळा नसतो.

चुकामूक टाळायला एकच नियम, प्रत्येकानं आरशात मागच्याला सांभाळायचं. मागचा दिसेना झाला की वेग कमी, तरी दिसेना तर सुरक्षित जागी थांबायचं. वळण किंवा फाटा आला की मागचा दिसेपर्यंत वळायचंच नाही. असं सगळ्यांनी केलं की बातमी आपोआप पुढपर्यंत जाते आणि कुणीही हरवत नाही, मोबाईलची गरजच पडत नाही. लाईव्ह लोकेशन वगैरे लावा हवं तर, पण दाजीपूर, तिलारीकडं रेंज जाते तेव्हा ते शोभेचं.

घाट उतरणं हा खरा विषय. न्यूट्रल करून, इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे महाभाग असतात, त्यांना ग्रुपमधनं काढा. उतार ज्या गिअरमधे चढला असता त्याच गिअरमधे उतरायचा, दुसरा, फार तर तिसरा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो, जळका वास येतो, आणि डिस्क असेल तर लिव्हर मऊ पडत जातो, म्हणजे ऑईल उकळायला लागलंय. असं झालं की लगेच थांबा, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या, पाणी ओतू नका. ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यात, दोन्ही मिळून, दाबा आणि सोडा. नवखी पोरं पुढच्या ब्रेकला घाबरतात आणि नुसता मागचा पायानं दाबून ठेवतात. थांबवायची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमधे असते, झटका न देता हळूहळू दाबायचा एवढंच.

आंधळ्या वळणाला हॉर्न, आणि आपली लेन सोडायची नाही. एसटी किंवा ट्रक नागमोडी वळणावर असला तर त्याला पूर्ण रस्ता लागतो, त्याचं मागचं चाक आत कापतं, म्हणून वळणाच्या आधीच थांबा आणि त्याला जाऊ द्या. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, नियमच आहे तो. नजर जिथं जायचं तिकडं ठेवा, दरीकडं बघितलं की गाडी दरीकडं जाते.

धुक्यात लाईट डिपरवर, अपरवर टाकला तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. रस्त्यावर उभं राहून फोटो नाहीत. उभं करायचं तर पूर्ण बाहेर, उतारावर गाडीचं तोंड चढाकडं आणि पहिला गिअर टाकून. माती भुसभुशीत असेल तर साईडस्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत गाडी आडवी.

गवा दिसला तर: राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड, सगळीकडं आहेत, आणि आजरा-चंदगडकडं हत्तीही. एक रस्ता ओलांडताना दिसला की मागं अजून असणारच. लांब थांबा, हॉर्न नको, लाईट मारू नका, इंजिन वाढवू नका, कळप जाऊ द्या. सेल्फीला जवळ जाणाऱ्याला मागं ओढायचं काम शेवटच्या रायडरचं.

जेवणाचं थोडं सांगतो. दुपारी तांबडा-पांढरा चापून मग सरळ घाट चढायचा असं करू नका, झोप येते. दुपारी हलकं, रस्सा रात्री. पाणी मात्र तहान लागायची वाट न बघता. रात्रीची बसायची मैफल तुमची तुम्ही बघा, पण सकाळी डोकं जड असेल तर गाडी दुसऱ्याला द्या नाहीतर निघायचं दोन तास पुढं ढकला. आणि गोवा जवळ आहे म्हणून बाटल्या बॅगेत भरून आणायच्या भानगडीत पडू नका, गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि या रस्त्यांवर एक्साईजची तपासणी असते, ट्रिपचा शेवट पोलीस ठाण्यात होईल.

कुणी पडलाच तर

आधी बाकीच्यांच्या गाड्या सुरक्षित बाजूला, मग दोघांनी वळणाच्या दोन्ही बाजूंना लांबवर जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवायच्या, झाडाची फांदी रस्त्यावर टाकली तरी आपल्याकडच्या ड्रायव्हरना लगेच कळतं. १०८ अँब्युलन्स, ११२ पोलीस. मान दुखते म्हणाला, बधिर वाटतंय म्हणाला किंवा शुद्ध हरपली असेल तर उठवून बसवू नका. नीट श्वास चालू असेल तर हेल्मेटही ओढून काढू नका. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा. रेंज नसेल तर एकानं एसटी किंवा जीप थांबवून निरोप पाठवायचा. मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे, त्यामुळं दुसरं कुणी पडलेलं दिसलं तरी पुढं निघून जाऊ नका.

पैसे

आपापलं पेट्रोल आपापलं, बाकी राहणं-जेवण-चहा-पंक्चर एका खात्यातनं. निघायच्या आधी सगळ्यांनी सारखी रक्कम खजिनदाराकडं द्यायची, त्यातली निम्मी रोख, कारण घाटातल्या टपरीवर रेंज नसली की यूपीआय नुसतं गोल गोल फिरतं. दारू-सिगारेट या खात्यातनं नाही, न पिणारा विनाकारण भरतो आणि मनात ठेवतो. रोज रात्री झोपायच्या आधी हिशोबाच्या वहीचा फोटो ग्रुपवर टाका, आणि शेवटचा हिशोब कोल्हापुरात आलेल्या रात्रीच मिटवा. आठवडा गेला की कुणाला काही आठवत नाही आणि दोनशे रुपयांवरनं तोंडं वाकडी होतात.

आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी धुवा, चेन साफ करून ल्यूब मारा, आणि ब्रेकचे पॅड परत एकदा बघून घ्या, घाटात ते वाटतं त्यापेक्षा बरेच झिजलेले असतात.